ठरावीक मेमरीतील ग्राफ: एम्बेडेड प्रोग्रामिंग करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर ग्राफ म्हणजे काही नोड आणि त्यांच्यामधील जोडण्या यांची रचना. मराठी पाठ्यपुस्तकांत यासाठी ‘आलेख’ हा शब्द सापडतो. परंतु तो ऐकताच चौकटीच्या कागदावर काढलेली रेघ डोळ्यांसमोर येते, म्हणून येथे तो वापरलेला नाही. बहुतेक उदाहरणे दोन चिपांच्या मापाने दिली आहेत. पहिली एव्हीआर या आठ बिटी घराण्यातील एटीमेगा३२८पी, जी अर्डुइनो ऊनो या बोर्डवर असते आणि जिच्यात २ किलोबाइट रॅम (चालू कामाची मेमरी), ३२ किलोबाइट फ्लॅश (प्रोग्रामची जागा) व १ किलोबाइट ईईप्रॉम (वीज गेल्यावरही टिकणारी छोटी साठवण) असते. दुसरी एआरएम घराण्यातील, कॉर्टेक्स-एम३ गाभ्याची बत्तीस बिटी एसटीएम३२एफ१०३सी८, जिच्यात २० किलोबाइट रॅम आणि ६४ किलोबाइट फ्लॅश असते.

मॅलॉकने एकेक नोड घेत ग्राफ बांधला, तर नेमके काय बिघडते?

पहिल्या दिवशी बहुधा काहीच बिघडत नाही, आणि अडचण तीच आहे. समजा, हीपमध्ये, म्हणजे मॅलॉक हे फंक्शन चालू प्रोग्रामला जेथून मेमरी देते त्या साठ्यात, १६ बाइटांचे शंभर तुकडे एकापाठोपाठ घेतले गेले आणि नंतर त्यांतला एक सोडून एक परत केला गेला. आता ८०० बाइट मोकळे आहेत, तरीही ३२ बाइटांची मागणी त्या जागेतून पुरी होऊ शकत नाही, कारण कोठेही सलग ३२ बाइट नाहीत. संगणकावरचा प्रोग्राम संध्याकाळी बंद होतो आणि ही विस्कट पुसली जाते. शेतातल्या पंपावर किंवा इमारतीच्या गच्चीवर बसवलेले उपकरण मात्र महिनोन्‌महिने चालू राहते आणि मागणी फसण्याचा क्षण कधी येईल हे आधी सांगता येत नाही.

दुसरा तोटा जागेचा आहे. बत्तीस बिटी चिपवर यादीतील एका जोडणीसाठी शेजाऱ्याचा क्रमांक, वजन आणि पुढचा पॉइंटर (पुढच्या तुकड्याचा मेमरीतील पत्ता) मिळून ८ बाइट लागतात. फ्रीआरटीओएस या छोट्या उपकरणांच्या कार्यप्रणालीतील हीप-४ या व्यवस्थेत प्रत्येक तुकड्यामागे आणखी ८ बाइटांचे शीर्षक जाते. म्हणजे ज्या माहितीला खरे तर दोन-तीन बाइट पुरे होते, तिच्यासाठी १६ बाइट खर्ची पडतात.

ग्राफचे सगळे तुकडे एकाच मापाचे असतील तर त्यांच्यापुरती विस्कट होत नाही, हे मान्य करायला हवे. पण मग त्याच मापाचा एक ठरावीक साठा ॲरेच्या रूपात ठेवणे हीपपेक्षा सोपे, स्वस्त आणि मोजता येण्याजोगे ठरते.

नियमावल्या याबाबत काय सांगतात?

मिस्रा सी २०१२ या सी भाषेच्या सुरक्षित वापराच्या नियमावलीतील निर्देश ४.१२ हा धावत्या काळातील मेमरी-वाटप वापरू नये असे सांगतो, नियम २१.३ हा मॅलॉक आणि फ्री या फंक्शनांवर बोट ठेवतो, आणि नियम १७.२ फंक्शनने स्वतःला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे बोलावण्यास मनाई करतो. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या दहा नियमांत सुरुवातीची जुळवाजुळव झाल्यावर नवी मेमरी मागू नये, प्रत्येक लूपला ठाम वरची मर्यादा असावी आणि रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणे) नसावे, अशी कलमे आहेत. ग्राफचे पाठ्यपुस्तकी कोड या तिन्ही कलमांचा एका पानात भंग करते, म्हणून ते जसेच्या तसे उचलता येत नाही.

क्षमता किती ठेवायची, हे कशावरून ठरवावे?

वस्तुस्थितीवरून. ‘असू द्या २५६’ असे म्हणून नव्हे. नोडांची संख्या बहुधा उपकरणाच्या रचनेतूनच मिळते: किती सेन्सर बसवणार, चक्रव्यूहात किती घरे आहेत, यंत्राच्या किती अवस्था आहेत. अवघड असतो तो जोडण्यांचा आकडा, कारण पाठ्यपुस्तकातील वरची मर्यादा नोडसंख्येच्या वर्गाइतकी असते आणि ती परवडत नाही. तेथे एका नोडला जास्तीत जास्त किती शेजारी असू द्यायचे, हा निर्णय घ्यावा लागतो, आणि हा निर्णय प्रोग्रामरने एकट्याने घेऊ नये. रेडिओचा पल्ला ज्याला ठाऊक आहे किंवा ज्याने वायरिंगचा नकाशा काढला आहे, त्याला विचारून तो लिखित स्वरूपात घ्यावा.

पुढील बऱ्याच हिशेबांसाठी एकच उदाहरण धरले आहे: ४० सेन्सरांचे रेडिओ जाळे, प्रत्येकाला सरासरी ६ शेजारी, म्हणजे दोन्ही दिशा वेगळ्या मोजल्यास २४० जोडण्या, आणि प्रत्येक जोडणीची गुणवत्ता दाखवणारे एका बाइटाचे वजन.

पॉइंटरऐवजी इंडेक्स वापरा, असे सगळेच सांगतात. फरक खरोखर इतका आहे का?

आहे, आणि तो केवळ जागेचा नाही. एसटीएम३२वर पॉइंटर ४ बाइटांचा आणि एव्हीआरवर २ बाइटांचा असतो; इंडेक्स, म्हणजे ॲरेतील जागेचा क्रमांक, २५५ पर्यंतच्या नोडांसाठी एका बाइटात बसतो, ज्यात ० ते २५४ हे खरे क्रमांक आणि २५५ म्हणजे ‘कोणीही नाही’. त्याशिवाय इंडेक्सची तपासणी एका तुलनेत होते. क्षमतेपेक्षा मोठा आकडा दिसला की तो चुकीचा, इतके सोपे. बिघडलेल्या पॉइंटरकडे पाहून तो बिघडला आहे हे ओळखण्याचा असा मार्ग नसतो. शिवाय इंडेक्सवर उभा असलेला ग्राफ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बाइट-बाइट उचलून ठेवला तरी तसाच चालतो. याचा उपयोग पुढे ईईप्रॉमच्या प्रश्नात दिसेल.

एक सापळा येथेच सांगून ठेवतो. नेमके २५६ नोड असतील, तर आठ बिटी इंडेक्समध्ये ‘कोणीही नाही’ यासाठी आकडा शिल्लक राहत नाही. आणि आठ बिटी मोजणी वापरून ‘२५६ पेक्षा लहान असेतोवर फिरत राहा’ असा लूप लिहिला, तर तो कधीच थांबत नाही, कारण २५५ नंतर मोजणी पुन्हा शून्यावर येते. कंपायलर बहुतेक वेळा इशारा देतो. तो वाचला पाहिजे.

मॅट्रिक्स घ्यावे, शेजाऱ्यांची यादी घ्यावी की सीएसआर?

पाठ्यपुस्तक म्हणते की विरळ ग्राफला यादी आणि दाट ग्राफला मॅट्रिक्स. हे मोठ्या ग्राफांबाबत खरे आहे. छोट्या ग्राफांत बिट आणि बाइट यांच्यातील आठपटीचा फरक हा सल्ला उलटवतो.

आपल्या ४० नोडांच्या जाळ्यात वजने बाजूला ठेवू आणि जोडणी आहे की नाही एवढेच साठवू. बिटांचे मॅट्रिक्स ४० गुणिले ४० म्हणजे १६०० बिट, अर्थात २०० बाइट. जोडण्या दुतर्फी असतील तर कर्णाच्या वरचा त्रिकोणच पुरे, म्हणजे ७८० बिट, अर्थात ९८ बाइट. सीएसआरमध्ये, म्हणजे सगळ्या नोडांचे शेजारी एकाच लांब ॲरेत पाठोपाठ लिहून प्रत्येक नोडची सुरुवात कोठे होते हे दुसऱ्या ॲरेत ठेवण्याच्या पद्धतीत, सुरुवातींसाठी ४१ आणि शेजाऱ्यांसाठी २४० असे २८१ बाइट लागतात. ग्राफ विरळच आहे, तरी मॅट्रिक्स जिंकते. सोपा ताळा असा: मॅट्रिक्सची एक ओळ नोडसंख्येच्या आठव्या भागाइतके बाइट घेते, आणि यादी शेजाऱ्यांच्या संख्येइतके. म्हणून सरासरी शेजारी नोडसंख्येच्या आठव्या भागापेक्षा जास्त असतील, तर मॅट्रिक्स लहान. येथे ४० चा आठवा भाग ५ आणि शेजारी ६.

आता वजने आणली की चित्र पालटते. एका बाइटाच्या वजनांचे मॅट्रिक्स १६०० बाइट खाते, आणि २ किलोबाइटांच्या चिपवर ते ठेवणे म्हणजे बाकीच्या प्रोग्रामला घराबाहेर काढणे होय. सीएसआरला मात्र २८१ मध्ये आणखी २४० मिळवून ५२१ बाइट लागतात.

वेगाबद्दल दोन टिपा. एव्हीआरला एकाच सूचनेत एकाहून अधिक बिट सरकवता येत नाहीत, त्यामुळे ‘१ ला इतक्या जागा डावीकडे सरकव’ हे वरवर निरुपद्रवी वाक्य तेथे लूप बनते. त्याऐवजी आठ मुखवट्यांची, म्हणजे एकच बिट १ असलेल्या बाइटांची, छोटी सारणी ठेवावी. कॉर्टेक्स-एम३ मध्ये शब्दाच्या सुरुवातीची शून्ये मोजणारी सूचना आहे, जिच्यामुळे बिटांच्या ओळीतील पुढचा शेजारी चटकन सापडतो. कॉर्टेक्स-एम० मध्ये ती सूचना नाही.

सीएसआरमध्ये मधेच एक जोडणी घालायची झाली, तर सगळे सरकवावे लागते. चालत्या प्रोग्राममध्ये जोडण्या येत-जात असतील तर काय करावे?

तेव्हा साखळीची रचना घ्यावी, पण साखळी ॲरेंच्या आत असावी. तीन समांतर ॲरे लागतात: प्रत्येक नोडची पहिली जोडणी कोणती, प्रत्येक जोडणी कोणत्या नोडकडे जाते, आणि त्याच नोडची पुढची जोडणी कोणती. न वापरलेल्या जोडण्याही त्याच ‘पुढची’ या ॲरेत एकमेकींना बांधून मोकळ्यांची साखळी तयार करावी, जिचे पहिले टोक एका चलात राहते. नवी जोडणी हवी असेल तर मोकळ्या साखळीचे पहिले टोक उचलायचे आणि नोडच्या साखळीत पुढे लावायचे. काढायची असेल तर उलट. जोडण्याचे काम नेहमी तितक्याच पावलांत होते, आणि काढण्याचे काम जास्तीत जास्त शेजाऱ्यांच्या संख्येइतक्या पावलांत.

आपल्या उदाहरणात वजनांचा ॲरेही धरला तर ४० अधिक २४० गुणिले ३ म्हणजे ७६० बाइट. सीएसआरपेक्षा २३९ बाइट जास्त, आणि ही बदलता येण्याची किंमत आहे. ती द्यायची की नाही हे जोडण्या किती वेळा बदलतात यावर अवलंबून आहे. दिवसातून एकदा बदलत असतील, तर मी सीएसआरच पुन्हा बांधीन.

जोडणी दुतर्फी असेल तर आणखी एक युक्ती आहे. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही जोडण्या शेजारच्या क्रमांकांवर ठेवाव्यात: ० आणि १, २ आणि ३, याप्रमाणे. मग क्रमांकाचा शेवटचा बिट उलटवला की जोडीदार सापडतो, ‘कोठून’ हा ॲरे वेगळा लागत नाही, आणि दोन्ही दिशांचे वजन सारखे असल्यास ते अर्ध्या जागेत, १२० बाइटांत, बसते. मात्र मोकळ्यांची साखळीही मग जोड्यांचीच ठेवावी लागते.

स्ट्रक्चरचा ॲरे की समांतर ॲरे?

समांतर ॲरे, बहुतेक वेळा. बत्तीस बिटी चिपवर एक बाइट, मग दोन बाइट, मग एक बाइट अशा क्रमाने घटक लिहिलेले स्ट्रक्चर ४ ऐवजी ६ बाइट घेते, कारण कंपायलर मधे आणि शेवटी रिकामी जागा सोडतो. दोन बाइटांचा घटक आधी लिहिला की ते ४ बाइटांत बसते. समांतर ॲरेंत हा प्रश्नच उद्भवत नाही.

काही ग्राफ साठवावेच लागत नाहीत, असे म्हणतात. ते कसे?

शेजारी कोण हे गणिताने सांगता येत असेल, तर ते लिहून ठेवण्याची गरज नाही. याचे उत्तम उदाहरण मायक्रोमाउस स्पर्धेचा चक्रव्यूह आहे. अमेरिकेतील आयईईई स्पेक्ट्रम या मासिकाने १९७७ मध्ये या स्पर्धेची घोषणा केली. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्येही अशा स्पर्धा झाल्या आहेत, त्यामुळे महाराष्ट्रातील अनेक अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची ग्राफशी पहिली खरी गाठ येथेच पडते. चक्रव्यूह १६ गुणिले १६ घरांचा, प्रत्येक घर १८ सेंटिमीटरचे, आणि मधली चार घरे हे लक्ष्य.

घरांना ० ते २५५ क्रमांक दिले की उत्तरेचा शेजारी १६ मिळवून आणि पूर्वेचा १ मिळवून येतो. साठवायच्या त्या फक्त भिंती. प्रत्येक घराला एक बाइट दिला, तर चार बिटांत चार भिंती आणि उरलेल्या चार बिटांत ‘ही भिंत प्रत्यक्ष पाहिली आहे का’ हे मावते. भिंती २५६ बाइट, प्रत्येक घराचे लक्ष्यापासूनचे अंतर २५६ बाइट, पुराच्या पाण्यासारखे अंतर पसरवण्यासाठीची रांग २५६ बाइट: एकूण ७६८. दोन किलोबाइटांतून १२८० बाइट मोटर, सेन्सर आणि स्टॅकसाठी (फंक्शनांच्या कॉलना लागणाऱ्या जागेसाठी) उरतात, जे पुरेसे आहेत.

जागा आणखी हवी असल्यास प्रत्येक भिंत एकदाच लिहावी, म्हणजे घराची फक्त उत्तर आणि पूर्व बाजू; दोन बिटांप्रमाणे ६४ बाइटांत सगळ्या भिंती येतात. पण याची एक सूक्ष्म किंमत आहे. चारही भिंती लिहिलेल्या असताना बाहेरची तटबंदी सदैव ‘आहे’ अशी नोंदवलेली असते, त्यामुळे कडेच्या घरातून बाहेर पडण्याची तपासणी वेगळी करावी लागत नाही. दोनच भिंती लिहिल्या, तर पश्चिम आणि दक्षिण कडेची तपासणी कोडमध्ये आणावी लागते, आणि ती विसरली तर शून्य क्रमांकाच्या घराच्या पश्चिमेला २५५ क्रमांकाचे घर उगवते.

अंतर एका बाइटात मावेल का, ही शंका रास्त आहे, कारण २५५ हा आकडा ‘अजून पोहोचलो नाही’ यासाठी हवा असतो. मावते. लक्ष्याची चार घरे शून्य अंतरावर असल्यामुळे उरलेल्या २५२ घरांतून सर्वांत वाकडी वाट काढली तरी अंतर २५२ च्या पुढे जाऊ शकत नाही. मात्र ‘मी कोणत्या घरातून आलो’ हे साठवायचे असेल, तर २५६ घरांमुळे रिकामा आकडा नाही; तेथे घराचा क्रमांक न ठेवता दिशा ठेवावी.

नकाशा कधीच बदलत नसेल तर?

मग तो रॅममध्ये असण्याचे कारण नाही. सीएसआरचे ॲरे संगणकावर एका छोट्या स्क्रिप्टने तयार करून स्थिर म्हणून घोषित करावेत. एआरएम चिपांवर लिंकर (प्रोग्रामचे भाग जोडून त्यांना जागा देणारे साधन) ते फ्लॅशमध्ये ठेवतो आणि ते नेहमीप्रमाणे वाचता येतात. एव्हीआरवर प्रोग्राम आणि डेटा यांचे पत्ते वेगळे असल्यामुळे नुसते स्थिर म्हणून चालत नाही. प्रोगमेम ही खूण लावावी लागते आणि वाचण्यासाठी खास फंक्शने वापरावी लागतात. ही खूण विसरल्यास प्रोग्राम चालतो, पण सारणी गुपचूप रॅममध्ये येऊन बसते.

ग्राफ बसला, पण वाट शोधताना चिप रीसेट होते. असे का?

कारण हिशेबात ग्राफची मेमरी धरली गेली आणि अल्गोरिदमची विसरली गेली. या पानावरील सर्व प्रश्नांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ग्राफ हा डोळ्यांसमोर असतो आणि अल्गोरिदमची मेमरी फंक्शनाच्या पोटात लपलेली असते.

रुंदीने शोध घेताना रांग लागते. तिची लांबी किती, यावर वाद घालण्याची गरज नाही: भेट दिल्याची खूण रांगेत घालतानाच केली, तर प्रत्येक नोड रांगेत एकदाच येतो, म्हणून नोडसंख्येइतकी जागा नेहमी पुरते आणि रांग गोल फिरवण्याचीही गरज पडत नाही. खूण बाहेर काढताना केली, तर एकच नोड अनेकदा घुसतो आणि ही हमी जाते. एका ओळीची जागा बदलल्याने मेमरीची मर्यादा मोडते, असे हे प्रकरण आहे.

खोलीने शोध घेताना रिकर्शन टाळावे. २५६ नोडांची सरळ साखळी असेल आणि प्रत्येक कॉलला स्टॅकवर ३२ बाइट लागत असतील, तर ८ किलोबाइट लागतील. एसटीएम३२च्या २० किलोबाइटांत तो मोठा वाटा आहे आणि एटीमेगावर तो अशक्य आहे. एव्हीआरवर स्टॅक रॅमच्या वरच्या टोकाकडून खाली वाढतो आणि कोणताही आवाज न करता ग्लोबल चलांवर चढतो, म्हणून लक्षण नेहमी रीसेटचेच नसते, कधी एखाद्या असंबद्ध चलाची किंमत बदललेली दिसते. उपाय सोपा आहे. प्रत्येक नोडसाठी ‘कोठून आलो’ आणि ‘कितवा शेजारी पाहत होतो’ असे दोन बाइट ठेवले, की स्टॅकची गरजच उरत नाही; वर सांगितलेल्या दिशेच्या युक्तीसह २५६ नोडांसाठी एकूण ५१२ बाइट, आणि तेही आधीच मोजलेले.

सर्वांत कमी वजनाची वाट शोधणाऱ्या डाइक्स्ट्राच्या अल्गोरिदमबाबत एक गैरसमज पक्का बसलेला आहे: हीप वापरला नाही तर तो निरुपयोगी आहे. येथे हीप म्हणजे अग्रक्रमाची रांग, मेमरीचा हीप नव्हे. पुस्तकांतील सोपा प्रकार जुन्या नोंदी काढून न टाकता नव्या घालत जातो, त्यामुळे त्या रांगेची लांबी नोडांच्या नव्हे तर जोडण्यांच्या संख्येवर जाते. आपल्या जाळ्यात ती २४० च्या आसपास पोहोचू शकते, आणि बत्तीस बिटी चिपवर प्रत्येक नोंद ४ बाइटांची धरल्यास ९६० बाइट लागतात. ज्याने रांगेला ४० जागा दिल्या, त्याचा प्रोग्राम चाचणीत चालतो आणि गुंतागुंतीच्या जाळ्यात फसतो. प्रत्येक नोडची रांगेतील जागा लक्षात ठेवणारा प्रकार ४० नोंदींत भागतो, पण त्याचे कोड लांब आहे.

त्यापेक्षा सरळ मार्ग घ्यावा. दर वेळी सगळे नोड पाहून सर्वांत जवळचा निवडावा. अंतरांसाठी ८० बाइट, मागच्या नोडसाठी ४०, खुणांसाठी ५, एकूण १२५ बाइट. आणि ४० गुणिले ४० म्हणजे १६०० तपासण्या. एका तपासणीला २० चक्रे धरली तर ३२ हजार चक्रे, म्हणजे १६ मेगाहर्ट्‌झवर दोन मिलिसेकंद. दर मिनिटाला एकदा मार्ग काढणाऱ्या उपकरणाला याहून वेगवान काहीही नको असते. शंभरेक नोडांपर्यंत हीपच्या मागे लागणे मला तरी हौसेचे काम वाटते.

‘अनंत’ अंतर म्हणून कोणता आकडा घ्यावा?

त्या प्रकारातील सर्वांत मोठा, पण दोन अटींवर. पहिली अशी की सर्वांत लांब वाटेचे वजन त्याच्या खाली राहिले पाहिजे. २५६ नोडांत वाट जास्तीत जास्त २५५ जोडण्यांची असते, आणि प्रत्येकाचे वजन कमाल २५५ धरले तर बेरीज ६५,०२५ होते. सोळा बिटांतील ६५,५३५ हा आकडा म्हणून ‘अनंत’साठी मोकळा राहतो. दुसरी अट अशी की न पोहोचलेल्या नोडच्या अंतरात कधीही काही मिळवू नये. अनंतात १ मिळवून सोळा बिटी चलात ठेवले की शून्य उरते, आणि जेथे वाटच नाही तेथे सर्वांत जवळची वाट दिसू लागते.

साठा भरला आणि नवी जोडणी आली, तर काय करावे?

हे आधी ठरवायचे असते. फंक्शनने ‘जागा नाही’ असे स्पष्ट उत्तर परत द्यावे, आणि बोलावणाऱ्याने ते तपासावे, एवढे किमान. त्यापुढे तीन धोरणे असतात: नवी जोडणी नाकारणे, सर्वांत वाईट जुनी काढून नवी घेणे, किंवा उपकरण सुरक्षित अवस्थेत नेणे. रेडिओ जाळ्यात दुसरे धोरण शहाणपणाचे असते, कारण कमकुवत दुवा गेल्याने फारसे बिघडत नाही. लिफ्टच्या किंवा सिग्नलच्या अवस्थांच्या ग्राफमध्ये मात्र जागा संपणे हीच रचनेतील चूक असते आणि तेथे तिसऱ्याखेरीज पर्याय नाही. सर्वाधिक किती जागा वापरली गेली याची एक मोजणी कायम ठेवावी. क्षेत्रातून परत आलेल्या उपकरणात ती वाचली की पुढच्या आवृत्तीची क्षमता अंदाजाने ठरवावी लागत नाही.

चौथा मार्गही आहे: ग्राफ दुसऱ्यावर सोपवणे. मार्च २०१२ मध्ये आरएफसी ६५५० म्हणून प्रसिद्ध झालेल्या आरपीएल या छोट्या नोडांच्या जाळ्यांत मार्ग ठरवणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये एक पद्धत अशी आहे, जिच्यात मधले नोड खालच्या दिशेचे मार्ग साठवत नाहीत. ते केवळ मुळाशी असलेल्या नोडला ठाऊक असतात आणि तोच पाकिटात पूर्ण वाट लिहून देतो. बिचाऱ्या छोट्या नोडला आपला वरचा शेजारी कोण, हे माहीत असले की निभते.

नोड काढला आणि त्याच्या जागी नवा आला, तर जुना क्रमांक धरून बसलेल्यांचे काय?

ते नव्या नोडला जुनाच समजतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक जागेसोबत एक पिढी-क्रमांक ठेवणे, जो जागा मोकळी होताना एकने वाढतो. बाहेर देताना इंडेक्स आणि पिढी दोन्ही द्यावेत आणि वापरताना पिढी जुळते का ते पाहावे. आठ बिटी पिढी २५६ बदलांनंतर पुन्हा तीच येते, त्यामुळे नोड झपाट्याने बदलत असतील तर सोळा बिट घ्यावेत.

इंटरप्टमधून ग्राफ बदलला तर चालेल का?

शक्यतो नको. इंटरप्ट म्हणजे चालू काम मधेच थांबवून धावणारे कोड. मुख्य लूप साखळीवरून चालत असताना इंटरप्टने मधली जोडणी मोकळ्या साखळीत टाकली, तर मुख्य लूप मोकळ्या जोडण्यांवरून चालू लागतो. इंटरप्टने घटना छोट्या गोल रांगेत टाकावी आणि ग्राफ फक्त मुख्य लूपने बदलावा. आकड्यांबाबतही सावध असावे: एव्हीआरवर सोळा बिटी चल वाचायला दोन पावले लागतात आणि इंटरप्ट त्यांच्या मधोमध येऊ शकतो. जागा परवडत असेल तर सीएसआरच्या दोन प्रती ठेवाव्यात, नवी प्रत निवांत बांधावी आणि शेवटी ‘चालू प्रत कोणती’ हा एकच बाइट बदलावा.

वीज गेल्यावरही ग्राफ टिकावा, यासाठी काय करावे?

इंडेक्सचा ग्राफ तसाच ईईप्रॉममध्ये लिहिता येतो, पॉइंटरचा नाही. सोबत रचनेची आवृत्ती आणि सीआरसी (माहिती बिघडली का हे सांगणारा ताळ्याचा आकडा) लिहावा. लिहितानाच वीज गेली तर काय, म्हणून दोन प्रती आलटून-पालटून लिहिणे योग्य. पण आपला ५२१ बाइटांचा ग्राफ दोनदा लिहायला १०४२ बाइट लागतात आणि एटीमेगाच्या ईईप्रॉममध्ये १०२४ आहेत. असे १८ बाइटांनी अडणे या क्षेत्रात नित्याचे आहे. वजने आठऐवजी चार बिटांत आणली, की एक प्रत ४०१ बाइटांची होते आणि दोन्ही ८०२ मध्ये बसतात. दुव्याच्या गुणवत्तेला १६ पायऱ्या बहुधा पुरतात. या ईईप्रॉमचे आयुष्य एक लाख लेखनांचे सांगितलेले असते. त्याच जागी दर मिनिटाला लिहिल्यास ते सत्तर दिवसांत संपते, म्हणून बदल झाला असेल तरच लिहावे.

तयार लायब्ररी नाहीत का?

आहेत, पण त्या मुख्यत्वे विटा पुरवतात. सी++ साठी एम्बेडेड टेम्प्लेट लायब्ररी आणि रस्टसाठी हीपलेस यांत ठरावीक क्षमतेच्या रांगा, यादी आणि साठे मिळतात. क्षमता प्रकाराचाच भाग असल्यामुळे ती कंपायलरला ठाऊक असते. कॉन्टिकी या कार्यप्रणालीत एकाच मापाच्या तुकड्यांचा साठा घोषित करण्याची सोय आहे, आणि झेफिर या दुसऱ्या कार्यप्रणालीत त्याच कामासाठी मेमरी स्लॅब आहेत. त्यांवर ग्राफ आपणच रचावा लागतो. वरील रचना दीड-दोनशे ओळींत होते, त्यामुळे मोठी लायब्ररी कापून छोटी करण्यापेक्षा ती स्वतः लिहिणे बहुधा लवकर होते.

चाचणी चिपवर करावी की संगणकावर?

तर्काची चाचणी संगणकावर आणि मापाची चाचणी चिपवर. संगणकावर तेच कोड मुद्दाम लहान क्षमतेने, उदाहरणार्थ ४ नोड आणि ६ जोडण्या, बांधावे आणि यादृच्छिक जोडण्या घालत-काढत राहावे. प्रत्येक पावलानंतर वापरातील आणि मोकळ्या जोडण्यांची बेरीज क्षमतेइतकी आहे का, हे पाहावे. साखळी बांधण्यातली जवळजवळ प्रत्येक चूक या एका बेरजेत पकडली जाते. क्षमता आणि इंडेक्सचा प्रकार यांचा मेळ कंपाइल करतानाच तपासला जावा, म्हणजे कोणी नोडसंख्या ३०० केली तर प्रोग्राम बांधलाच जाणार नाही. चिपसाठी बांधल्यावर लिंकरची मॅप फाइल उघडून ग्राफचे ॲरे अपेक्षित ठिकाणी आणि अपेक्षित मापाचे आहेत ना, हे पाहावे. आणि स्टॅकच्या मोकळ्या जागेत सुरुवातीलाच एक ठरावीक नमुना भरून ठेवावा. सर्वांत मोठी वाट शोधून झाल्यावर त्यातला किती नमुना शाबूत आहे हे मोजले की स्टॅकला किती जागा उरली ते कळते.